नावांचा तंटा आणि न्यायासनाचे मौन

नागराज या सर्पाची एकच जाती भारतापासून फिलिपाइन्सपर्यंत पसरलेली आहे, ही दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली समजूत २०२४ साली मोडीत निघाली. अनेक देशांतील संशोधकांच्या एका गटाने या एका जातीच्या चार जाती केल्या आणि त्यांपैकी पश्चिम घाटातील जातीला, कन्नड मुलखातील लोक या सर्पाला ज्या नावाने ओळखतात त्यावरून, 'ऑफिओफॅगस कालिंग' असे नाव दिले. एका भारतीय भाषेतील शब्द शास्त्राच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला, याचा आनंद होणे स्वाभाविकच होते. त्या निर्णयाची दुसरी बाजू मात्र सर्वसामान्य वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही. चार नावांपैकी दोनच नवी होती. उरलेली दोन, 'हॅना' आणि 'बुंगारस', ही अनुक्रमे १८३६ आणि १८३७ सालची. आणि ती एकेकाळी एकमेकांविरुद्ध उभी ठाकलेली नावे होती.

थिओडोर कँटर या डॅनिश वैद्याने बंगालमधील नागराजाचे वर्णन 'हॅना' या नावाने १८३६ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी लायडनच्या संग्रहालयातील हर्मन श्लेगेल याने जावा बेटावरील नागराजाला 'बुंगारस' हे नाव दिले. (हे मूळचे मण्यारीच्या वंशाचे नाव, नागराजाला ते का चिकटावे याचे नवल वाटते.) दोन्ही सर्प एकाच जातीचे, असे पुढे ठरले. मग नाव कोणते खरे? ब्रिटिश हिंदुस्थानातील सरपटणाऱ्या प्राण्यांवरील जॉर्ज बूलँजेर यांच्या १८९० सालच्या प्रमाणग्रंथात 'बुंगारस' हे नाव आहे. त्याच ग्रंथमालेत १९४३ साली माल्कम स्मिथ यांनी लिहिलेल्या सर्पखंडात ते जाऊन 'हॅना' आलेले आहे. एका वर्षाच्या ज्येष्ठतेने हा बदल घडविला. 'बुंगारस' हे नाव त्यानंतर पर्यायनाम म्हणून यादीत पडून राहिले. २०२४ साली जावा-सुमात्रा बाजूचे नागराज वेगळे ठरताच तेच नाव धूळ झटकून पुन्हा कामावर रुजू झाले. नव्या नावाची गरज पडली नाही.

नियम असावा तर असा, असे वाटावयास लावणारे हे उदाहरण आहे. परंतु सरीसृप आणि उभयचर प्राण्यांच्या नावांचे सर्वच तंटे इतक्या शहाणपणाने मिटलेले नाहीत. काही तर मिटलेलेच नाहीत. आणि ज्या न्यायासनाने ते मिटवावयाचे, त्यानेच निर्णय देण्याचे टाळल्यामुळे ते चिघळले आहेत.

सेवाज्येष्ठतेचा नियम

येथे दोन प्रश्नांतील फरक प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. अमुक एका प्रदेशातील साप ही स्वतंत्र जाती आहे की नाही, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर खवल्यांची गणती, कवटीची हाडे, अलीकडे रक्तातील वा ऊतीतील जनुकद्रव्य यांवरून द्यावयाचे असते आणि ते उत्तर उद्या बदलू शकते. एकदा ती जाती मानली की तिला उपलब्ध नावांपैकी कोणते लावावयाचे, हा मात्र विज्ञानाचा प्रश्नच नव्हे. तो निव्वळ कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एखाद्या कचेरीतील सेवाज्येष्ठतेच्या यादीसारखे तारखेवरून ठरते. जो आधी रुजू झाला तो वरिष्ठ. मग त्याचे काम कसे का असेना.

हा कायदा काही आकाशातून पडलेला नाही. ह्यू स्ट्रिकलंड या इंग्रज शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १८४२ साली पहिली व्यवस्थित नियमावली तयार झाली. ती तयार करणाऱ्या समितीत चार्ल्स डार्विनही होता. १८९५ साली लायडन येथील प्राणिशास्त्र परिषदेत आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाचा पाया घातला गेला. लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती ही सुरुवात मानून १ जानेवारी १७५८ ही तारीख मुक्रर झाली. तिच्या आधीचे नाव हिशेबात धरावयाचे नाही. नियमांची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आहे.

नियम किती काटेकोर असावा, याची एक गंमत महाराष्ट्राच्या दाराशीच आहे. सह्याद्रीच्या परिसरातील एका लहान बेडकाला नेल्सन अ‍ॅननडेल यांनी १९१९ साली सह्याद्रीचेच नाव दिले. परंतु रोमन लिपीत ते लिहिताना अक्षरे अशी पडली की त्याचा उच्चार 'सिहाद्रेन्सिस' असा काहीसा होतो. ते नाव आजही तसेच आहे, कारण मूळ लेखकाची वर्णरचना सहसा बदलता येत नाही. घोणस या सापाचे शास्त्रीय नाव ज्यांच्यावरून पडले त्या पॅट्रिक रसेल यांच्या आडनावात रोमन लिपीप्रमाणे दोन 'एल' येतात. सापाच्या नावात एकच. पुष्कळ लेखकांनी दुसरा 'एल' सौजन्याने घातला, आणि मूळ रूपच ग्राह्य असल्याचे दाखवून तो काढावा लागला. हा सारा प्रकार बाहेरच्या माणसाला पोरकट वाटेल. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव एका काना-मात्रेने चुकले तर काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे ते हसणार नाहीत.

ज्येष्ठतेचा नियम आंधळेपणाने चालविला तर त्याचे दुष्परिणामही तितकेच गंभीर असतात. विस्मृतीत गेलेल्या एखाद्या पुस्तकात एखाद्या प्राण्याचे आणखी जुने नाव सापडले की शंभर वर्षे सर्वांच्या तोंडी असलेले नाव रद्द होणार! म्हणूनच १९१३ साली मोनॅको येथील परिषदेने आयोगाला पूर्णाधिकार दिले: नियमाच्या अंमलाने गोंधळच माजणार असेल तर आयोगाने नियम बाजूला ठेवावा. चालू संहितेत आयोगाकडे न जाताही काही प्रमाणात असे करता येते. ज्येष्ठ नाव १८९९ नंतर कोणीही वापरलेले नसेल आणि कनिष्ठ नाव गेल्या पन्नास वर्षांत किमान दहा लेखकांच्या किमान पंचवीस लेखनकृतींत, निदान दहा वर्षांच्या कालावधीत, आलेले असेल, तर वहिवाट जिंकते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मालकीहक्क आणि सार्वजनिक उपयोग यांत समतोल साधण्याची ही तरतूद आहे. आणि कुळकायद्याची आठवण असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला तिचे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे पूर्णाधिकार योग्य रीतीने वापरले तर काय साधते, याचे उदाहरण सेशेल्स द्वीपसमूहातील अल्डाब्रा बेटाच्या महाकाय कासवाचे. श्वायगर या जर्मन लेखकाने १८१२ साली दिलेले 'जायगँटिया' हे नाव या कासवाला दीर्घकाळ लावले जात होते. श्वायगरने ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिले, तो पॅरिसच्या संग्रहालयात सापडल्याचे आणि तो अल्डाब्राचा नसून दक्षिण अमेरिकेतील निराळ्याच कासवाचा असल्याचे २००६ साली प्रतिपादन करण्यात आले. हे मान्य केले तर नाव त्या अमेरिकी कासवाकडे जाणार आणि अल्डाब्राच्या कासवाला ग्रे याने १८३१ साली दिलेले 'डुसुमिएरी' हे नाव लावावे लागणार. एका नमुन्यापायी एक लाखाच्या आसपास कासवांचे नाव बदलावयाचे, आणि त्यांच्याविषयीचे कायदे, करार, संग्रहालयांतील पाट्या, सारेच दुरुस्त करावयाचे! २००९ साली प्रकरण आयोगापुढे आले. तज्ज्ञांत उघड दोन तट पडले, कडवट पत्रव्यवहार झाला. २०१३ साली आयोगाने 'जायगँटिया' कायम ठेवले, त्याला अल्डाब्राचा निश्चित नमुना जोडला आणि प्रतिस्पर्धी नाव दडपून टाकले. ज्यांचे म्हणणे फेटाळले गेले ते काही अडाणी नव्हते. निव्वळ नियमाच्या अक्षरावर बोट ठेवले तर त्यांच्या बाजूला बळ होते. तरीही निर्णय लागला आणि वापर सुरळीत राहिला. न्यायासनाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा नसते.

बेडूक, पाठ्यपुस्तक आणि करार

नावाचा प्रश्न संग्रहालयाच्या कपाटात राहत नाही, तो बाजारात आणि कचेरीत कसा उतरतो, याचे भारतीय उदाहरण शोधण्यासाठी लांब जावयास नको. ज्या बेडकाच्या विच्छेदनावर भारतातील विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या, त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत 'राना टिग्रिना' असे छापले जात असे. मूळ लेखक दोदँ याने ते 'टिगेरिना' असे लिहिले होते. म्हणजे पुस्तकांतील वर्णरचनाच दुरुस्त केलेली, आणि म्हणून अग्राह्य. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ अलँ द्युबुआ यांनी १९९२ साली 'राना' या अवाढव्य वंशाची फोड करताना पेटर्स याचे १८६३ सालचे 'हॉप्लोबॅट्रॅकस' हे नाव पुन्हा वापरात आणले. त्यामुळे बेडकाचे पहिले नाव बदलले. आणि वंशाचे नाव लॅटिनमध्ये पुल्लिंगी झाल्याने दुसऱ्या नावाचे शेपूटही बदलून ते 'टिगेरिनस' झाले. विद्यार्थ्यांनी पाठ केलेले नाव दोन्ही अंगांनी कालबाह्य ठरले, तरी पाठ्यपुस्तकांत ते पुढेही छापले जात राहिले.

आता याच बेडकाची व्यापारी बाजू पाहा. एकोणीसशे सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात बेडकांच्या पायांची निर्यात करणाऱ्या प्रमुख देशांत भारताची गणना होत होती. भातखाचरातील बेडूक पोत्यांनी पकडून युरोप-अमेरिकेच्या उपाहारगृहांसाठी रवाना होत होते, आणि पिकावरील किडींचा हा फुकटचा पहारेकरी नाहीसा झाल्याची किंमत शेतकरी मोजत होता. १९८५ साली धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या बेडकाचा समावेश झाला. १९८७ साली भारताने निर्यातच बंद केली. परिशिष्टातील नोंद अर्थातच नावाने होते. बंदरावरील जकात कारकुनाच्या हाती कागद असतो, बेडूक नसतो. असला तरी त्याचे पाय असतात, आणि पायांवरून जाती ओळखणे तज्ज्ञालाही अवघड. कागदावर एक नाव आणि यादीत दुसरे असेल, तर दोन्ही एकच आहेत हे सांगणारी अधिकृत संदर्भसूची त्याच्यापाशी असावी लागते. म्हणून अशा करारांना प्राण्यांच्या नावांचे प्रमाणग्रंथ ठरवून घ्यावे लागतात आणि नावे बदलली की याद्याही बदलाव्या लागतात. त्या बदलाचा खर्च नाव बदलणारा करीत नाही.

नावांच्या अर्थकारणाचे मर्म नेमके येथे आहे. नवे नाव देणाऱ्याला त्याचे श्रेय कायमचे मिळते, कारण शास्त्रीय लेखनात नावापुढे त्याचे आडनाव आणि वर्ष जोडण्याची प्रथा आहे. चुकीच्या नावाची किंमत मात्र दुसऱ्यांना द्यावी लागते: वैद्याला, वनरक्षकाला, शिक्षकाला, आणि तीस वर्षांनी त्याच प्राण्यावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला. लाभ एकाचा आणि भुर्दंड इतरांचा, अशी व्यवस्था जेथे असते तेथे कोणीतरी तिचा पुरेपूर लाभ उठवणारच. तो उठविला गेला ऑस्ट्रेलियात.

टाळलेले निवाडे

रिचर्ड वेल्स हा विद्यापीठातील विद्यार्थी आणि रॉस वेलिंग्टन हा शाळामास्तर, या दोघांनी १९८३ आणि १९८५ या वर्षांच्या अंकांतून, वेल्स स्वतःच संपादक असलेल्या नियतकालिकात, तीन निबंध छापले. ऑस्ट्रेलियातील आणि न्यूझीलंडमधील यच्चयावत सरीसृप व उभयचर प्राण्यांची त्यांनी नव्याने मांडणी केली आणि नावांत सातशेहून अधिक बदल सुचविले. जाणकारांकडून पूर्वतपासणी नाही आणि पुष्कळ ठिकाणी पुरावाही जेमतेमच. परंतु संहितेला पूर्वतपासणी लागतच नाही! वर्णन किंवा त्याचा संदर्भ हवा, कायमस्वरूपी छापील प्रती हव्यात, नाव लॅटिन वर्णमालेत हवे, आणि अशाच आणखी काही अटी; की नाव उपलब्ध झाले. खवळलेल्या ऑस्ट्रेलियन सरीसृपशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८७ साली आयोगाकडे अर्ज करून हे सारे लेखन नामकरणापुरते दडपून टाकावे अशी मागणी केली. चार वर्षे वाद चालला. १९९१ साली आयोगाने ठरविले की हा मुख्यतः वर्गीकरणाचा तंटा आहे, नामकरणाचा नव्हे. म्हणून त्यावर मतदानच करावयाचे नाही.

तांत्रिकदृष्ट्या या भूमिकेत चूक काढता येणार नाही. आणि हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे की त्या दोघांनी दिलेली काही नावे पुढे टिकली. लहान ऑस्ट्रेलियन अजगरांच्या वंशाला आज सर्वत्र लावले जाणारे 'अँटॅरेशिया' हे नाव त्यांचेच आहे. बेदरकारपणे टाकलेल्या शेकडो बाणांपैकी काही लक्ष्यावर लागले, असे कोणी म्हणेल. त्यांना प्राण्यांची जाण होती, असे दुसरा म्हणेल. परंतु निर्णय न देण्याचा एक परिणाम निश्चित झाला. पुढे ज्याला असेच करावयाचे असेल त्याला वाट मोकळी आहे, हे जाहीर झाले.

ती वाट मेलबर्नच्या रेमंड हॉसर यांनी धरली. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी सर्प, सरडे, कासवे, बेडूक यांना शेकडो नावे दिली. २००९ पासून बहुतेक स्वतःच्याच नियतकालिकात. त्यांचे म्हणणे असे की आपली नावे संहितेप्रमाणे ग्राह्य आहेत आणि ज्येष्ठही आहेत. टीकाकारांचे म्हणणे असे की दुसऱ्यांच्या प्रसिद्ध संशोधनातील फांद्यांना घाईघाईने नावे लटकविणे म्हणजे शोध नव्हे. वादाचे केंद्र ठरले ते आफ्रिकेतील थुंकणाऱ्या नागांचे. २००९ च्या मार्चची तारीख असलेल्या अंकात हॉसर यांनी त्यांना 'स्प्रॅकलँडस' हे नाव दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉलॅक, व्युस्टर आणि ब्रॉडली या तिघांनी, जनुकीय पुराव्याच्या आधारे, त्याच गटाला उपवंश म्हणून 'अ‍ॅफ्रोनाया' हे नाव दिले. मार्चचा तो अंक संहितेच्या अर्थाने खरोखरच 'प्रकाशित' झाला होता काय, म्हणजे एकसारख्या प्रतींची आवृत्ती त्या तारखेला अस्तित्वात होती काय, की मागणीप्रमाणे एकेक प्रत निघत होती, यावर सारे भांडण येऊन ठेपले.

प्रश्न वस्तुस्थितीचा होता, उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे देता येण्याजोगे होते. हॉसर यांनी स्वतःच अर्ज केल्यावरून तो २०१३ साली आयोगाच्या पत्रिकेत आला. त्याच वर्षी अनेक देशांतील सरीसृपशास्त्रज्ञांनी एक निवेदन काढले: पुराव्याविना व पूर्वतपासणीविना दिलेली नावे वापरावयाची नाहीत; आणि अशा नावांऐवजी कोणती वापरावीत याची यादीच त्यांनी जोडली. याचा अर्थ उघड होता. न्यायालयात प्रकरण चालू असतानाच गावाने वाळीत टाकण्याचा ठराव केला. आयोगाने निकाल दिला तो आठ वर्षांनी, २०२१ मध्ये. 'स्प्रॅकलँडस' हे नाव आणि हॉसर यांच्या नियतकालिकाचे पहिले चोवीस अंक ग्राह्य असल्याची मागितलेली पुष्टी देण्यास त्याने नकार दिला. आणि संहितेला जोडलेली नीतिनियमावली हा निवाड्याचा औपचारिक निकष मानण्यासही नकार दिला. नाव फेटाळून यादीतून काढलेही नाही आणि त्यावर शिक्कामोर्तबही केले नाही. त्याच वर्षी विरोधकांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा मांडले की शास्त्रज्ञांनी स्वतःच संघटित होऊन अशी नावे दुर्लक्षित करावीत, हाच उपाय आहे.

निर्णयाच्या दुसऱ्या भागाबद्दल आयोगाला दोष देता येणार नाही. सेवाज्येष्ठतेचा निर्णय चारित्र्याच्या दाखल्यावर होऊ लागला तर त्या यादीला काही अर्थच उरणार नाही. पहिला भाग मात्र समजण्यापलीकडचा आहे. एखादा अंक छापला गेला होता की नव्हता, याचे उत्तर आठ वर्षांत न देणारे न्यायासन नेमके कशासाठी आहे?

आणि मौनाचा खर्च कोणी सोसला? जाळीदार अजगराचे उदाहरण घ्यावे. आग्नेय आशियातील कातड्याच्या मोठ्या व्यापाराचा हा साप. त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे. पिढ्यानपिढ्या तो 'पायथन' वंशात होता. हॉसर यांनी २००४ साली त्याच्यासाठी 'ब्रॉगहॅमेरस' हा वंश काढला. २००८ साली इतर संशोधकांच्या जनुकीय अभ्यासात हा अजगर वेगळा असल्याचे दिसून आले आणि त्यांनी ते नाव वापरलेही. २०१४ साली, तोवर बहिष्काराचा ठराव झालेला असल्याने, दुसऱ्या एका गटाने त्याच वंशाला 'मलायोपायथन' हे नाव दिले, आणि आता तेच रूढ होत आहे. दहा वर्षांत एका अजगराची तीन नावे. परवाने देणारा कारकून यात शास्त्र कोठे आणि भाऊबंदकी कोठे, हे कसे ओळखणार?

बहिष्काराचे शस्त्र

बहिष्कार घालणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे आणि बहुतेक प्रकरणांत गुणवत्ताही त्यांच्याच बाजूला आहे, असेच म्हणावे लागेल. तरीही हे शस्त्र धोक्याचे आहे. ज्येष्ठतेचा कोरडा नियम दुर्बळाचे रक्षण करतो. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने घाटातील बेडकाचे नीट वर्णन लहानशा नियतकालिकात छापले, तर लंडन किंवा न्यूयॉर्कमधील कोणीही मोठा तज्ज्ञ त्याचे नाव हिसकावून घेऊ शकत नाही, तारीख बोलते. भारतातील प्राण्यांचे कित्येक जुने नमुने-प्ररूप लंडनला, पॅरिसला पडून आहेत आणि ते पाहण्यासाठी भारतीय संशोधकाला परदेशवारी करावी लागते. साधनसंपत्तीच्या या विषमतेत तारखेचा निःपक्षपातीपणा हे मोठेच संरक्षण आहे. आज पुरावा न देणाऱ्याला वाळीत टाकणारा गाव उद्या ओळख नसलेल्यालाही टाकणार नाही, याची हमी कोण देणार? गाव भला आहे, एवढी हमी पुरेशी नाही.

म्हणून शस्त्र बहिष्काराचे नको, दारावरच्या नोंदणीचे हवे. शेजारच्या शास्त्रांनी हे केलेले आहे. जिवाणुशास्त्रज्ञांनी १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी अमलात आणून गाठच कापून टाकली: यादीत नसलेल्या जुन्या नावांचा दर्जा संपला आणि पुढची नावे एका ठरावीक नियतकालिकाद्वारेच मान्य होऊ लागली. बुरशींचे नवे नाव २०१३ पासून मान्यताप्राप्त नोंदवहीत आधी नोंदविल्याखेरीज ग्राह्यच होत नाही. प्राण्यांच्या बाबतीत अशी नोंदवही आहे. परंतु नोंदणी सक्तीची आहे ती २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक प्रकाशनापुरती. कागदावर छापणाऱ्याला कसलीच अट नाही. 'स्प्रॅकलँडस'चा तंटा नेमका याच फटीतून शिरला. नाव प्रसिद्ध होताच तारीख टाकून त्याची नोंद करण्याची सक्ती असती, तर अंक मार्चमध्ये निघाला होता की नाही यावर आठ वर्षे घालविण्याचे कारण पडले नसते.

जुन्या नावांसाठीही मार्ग संहितेतच आहे. तिच्या ७९ व्या कलमानुसार एखाद्या प्राणिगटातील उपलब्ध नावांची संपूर्ण यादी तज्ज्ञांनी करावी, ती हरकतींसाठी खुली ठेवावी आणि आयोगाने ती स्वीकारल्यावर यादीबाहेरच्या जुन्या नावांना पुन्हा डोके वर काढू देऊ नये. सरीसृपांच्या बारा हजारांहून अधिक आणि उभयचरांच्या साडेआठ हजारांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. त्यांच्या नावांच्या तपशीलवार याद्या तयारही आहेत; परंतु त्या मोजक्या व्यक्तींच्या अनेक दशकांच्या परिश्रमावर उभ्या आहेत आणि त्यांना कायद्याचे बळ नाही. हे काम अधिकृत करावयाचे तर पैसा आणि माणसे लागतील. आयोगाचे सदस्य विनावेतन काम करतात, आणि त्याचे लंडनमधील सचिवालय २०१३ च्या सुमारास निधीअभावी बंद पडण्याच्या बेताला आले होते. सिंगापूरने हात दिला म्हणून ते तगले. अब्जावधींचा वन्यव्यापार आणि वन्यजीवांचे तमाम कायदे ज्या नावांवर चालतात, त्यांच्या निवाड्याचे दप्तर वर्गणीवर चालावे, हे कोणत्याच सरकारला खटकलेले दिसत नाही.

संहितेच्या पाचव्या आवृत्तीची तयारी काही वर्षांपासून चालू आहे. तीत सक्तीची नोंदणी आणि निर्णयाची कालमर्यादा या दोन गोष्टी याव्यात, असा आग्रह भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी धरला पाहिजे. पश्चिम घाटातून आणि ईशान्य भारतातून बेडकांच्या, पालींच्या, सापांच्या नव्या जाती जवळजवळ दरवर्षी जाहीर होत आहेत. त्यांपैकी पुष्कळांवर तरुण संशोधक वर्षानुवर्षे काम करीत असतात, आणि निबंध पूर्ण होण्याआधीच दुसऱ्या कोणी दोन पानांत नाव टाकून मोकळे व्हावे, यापासून आज त्यांना संहितेतील कोणतेच कलम वाचवीत नाही.